'काही खरे नाही' म्हणण्याची किंमत

देवरूखच्या बाजारपेठेत सकाळी एखाद्या दुकानदाराला 'धंदा कसा काय?' म्हणून विचारावे, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, 'काही खरे नाही.' पाऊस लांबला तरी काही खरे नाही आणि वेळेवर आला तरी काही खरे नाही. यात थोडा भाग नजर लागू नये म्हणून बोलण्याचा असतो, थोडा उधारी मागणाऱ्याला चार हात दूर ठेवण्याचा. तेवढे आम्ही समजून घेतो. परंतु तेच वाक्य रोज म्हणत राहिले की ते केवळ गिऱ्हाइकापुरते राहत नाही. ते म्हणणाऱ्याच्याच मनात जाऊन बसते आणि मग माल भरताना, मुलाला गल्ल्यावर बसवताना, नवे काही करून पाहताना त्याचा हात आखडतो.

आशावाद म्हटला की लोकांना प्रवचन आठवते. हे पान व्यापाराचे आहे, तेव्हा हिशेबाचेच बोलू.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. पुढच्या काही आठवड्यांत दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यात आपल्या जिल्ह्यातील माणसेही होती. वर्षानुवर्षांची कमाई तिकडेच राहिली आणि हातात एक बॅग घेऊन लोक घरी आले. अशा दोघांना आम्ही जवळून ओळखत होतो. एकाच मोहल्ल्यातले, एकाच कंपनीत कामाला असलेले. नुकसानभरपाईचे अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा आम्ही दोघांनाही म्हटले, चला, कागद घेऊन बसू. एक जण हसला. म्हणाला, "भाई, बुडालेले पैसे कधी कोणाला परत मिळालेत काय? उगाच फोटोला आणि झेरॉक्सला पैसे कशाला घालायचे?" दुसऱ्यालाही फार खात्री होती असे नाही. पण तो म्हणाला, "भरून तर टाकू." काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत भरपाई आली. ज्याने अर्ज भरला होता त्याला ती मिळाली. त्यात त्याने घराचे छप्पर बदलले आणि उरलेल्या रकमेत किराणा दुकान टाकले. पहिल्याने त्या दिवशी झेरॉक्सचे पैसे तेवढे वाचवले होते.

यात दुसरा हुशार आणि पहिला मूर्ख, असे आम्ही म्हणणार नाही. किंबहुना पहिलाच अधिक वाचणारा, जगाची खबर ठेवणारा होता. त्याने जगाचा अंदाज चोख बांधला, फक्त त्या अंदाजात स्वतःच्या हाताची किंमत शून्य धरली. निराश माणसाचा हिशेब पुष्कळदा येथेच चुकतो.

देवरूखला हे सांगायला खरे तर बाहेरचा दाखला लागू नये. सारा तालुका ज्यांना मावशी म्हणत असे त्या इंदिराबाई हळबे यांनी 1954 साली येथे 'मातृमंदिर' सुरू केले, ते दोन खाटांच्या प्रसूतिगृहाच्या रूपाने. पती आणि मुलगी दोघांनाही गमावलेली ही बाई. संगमेश्वर तालुक्याच्या डोंगरवाड्या आणि दोन खाटा, हा मेळ कोणत्याही हिशेबनिसाला पटला नसता. पुढे त्याचेच रुग्णालय झाले, अनाथ मुलांसाठी घर झाले, बालवाड्या झाल्या, शेतीचे काम उभे राहिले. त्या दोन खाटा पुरेशा नव्हत्या हे खरेच आहे, पण पुढचे सारे त्यांच्यावरूनच झाले.

कोकण रेल्वेचेही तेच. 1990 साली महामंडळ स्थापन झाले तेव्हा 'आमच्या नातवंडांना दिसली तर दिसली' असे म्हणणारे चहाच्या प्रत्येक टपरीवर होते. त्यांची शंका पोकळ नव्हती. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ मातीने अभियंत्यांना वर्षानुवर्षे छळले. तरीही आपल्या जिल्ह्यातला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा खोदून झाला आणि 26 जानेवारी 1998 पासून संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. आज तेच टीकाकार संगमेश्वर रोड स्थानकात उभे राहून गाडी उशिरा आल्याची तक्रार करतात.

मात्र आशेच्या नावाखाली काय काय विकले जाते हेही आम्ही पाहिले आहे. याच नव्वदच्या दशकात सागाची रोपे दाखवून, वीस वर्षांत लाखांचे धनी करतो म्हणून कित्येक कंपन्यांनी लोकांकडून पैसे गोळा केले. पुष्कळांचे पैसे बुडाले आणि अशा योजनांना लगाम घालण्यासाठी 1999 मध्ये सेबीला नियम करावे लागले. तेथे हात झाडून 'काही खरे नाही' म्हणणारा वाचला, हे कबूल केले पाहिजे. फरक एवढाच की सागाची पावती घेणाऱ्याला स्वतः काही करायचे नव्हते, केवळ वाट पाहायची होती. अशा आशेला आम्ही सट्टा म्हणतो.

2020 च्या टाळेबंदीत दोन्ही प्रकारची माणसे पुन्हा दिसली. ऐन हंगामात मुंबईची वाट बंद झाली. कोणी आंबा झाडाखाली कुजू दिला, तर कोणी मोबाईलवरून मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या मागण्या गोळा केल्या. त्या मे महिन्यात एसटीनेही मालवाहतूक सुरू केली आणि रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या लाल गाडीतून मुंबईला गेल्या. नफा बेताचाच झाला, पण बांधलेली गिऱ्हाइके त्यांना पुढच्या हंगामातही उपयोगी पडली.

आमच्या ओळखीचे एक चाचा सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांची वरकस जमीन, वर जांभ्याचा कातळ, खाली बोटभर माती. त्यांनी वेंगुर्ला-7 जातीची चाळीस काजू कलमे लावायचे मनात घेतले आहे. आम्ही विचारले, "चाचा, उत्पन्न हाताशी यायला पाच-सहा वर्षे तरी जातील ना?" ते म्हणाले, "ती वर्षे तशीही जाणारच आहेत. तू शेणखताचा भाव विचारून ठेव." खड्डे खणून झाले आहेत. गाडी या आठवड्यात यायची आहे.