शुद्ध प्रतीचा मोह

विद्यार्थ्यांनी संगणकावरील एकाच सामायिक पानावर मिळून निबंध वा प्रकल्प लिहावा, या प्रथेविरुद्ध आपल्यातील कित्येक सुशिक्षित पालक सध्या आवाज उठवीत आहेत. एक राबतो आणि चौघे नाव लावतात, यास्तव हे साधनच वर्ज्य करावे, असा त्यांचा आग्रह. रोग खरा आहे. निदान मात्र साफ चुकले आहे.

कागदाच्या काळी तरी काय होत होते? ज्याचे अक्षर वळणदार, त्याने प्रकल्पवही उतरून काढावी आणि मुखपृष्ठावर पाच नावे झळकावीत, हाच रिवाज होता. विचार कोणाचा, वाक्य कोणाचे, हे त्या वहीवरून ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. उलट गूगल डॉक्ससारख्या साधनात कोणी कोणत्या दिवशी काय लिहिले, काय खोडले, याची नोंद आपोआप राहते. ऐतखाऊपणाचा पुरावा प्रथमच हाती आला असता तो न पाहता साधनालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे, हा कोणता न्याय?

सरकारी कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आपणा मंडळींना तरी हे समजावून सांगावे लागू नये. ई-ऑफिसमधील पिवळी टिपणी मसुद्यापुरती असते. ती बदलता येते, टाकूनही देता येते. हिरवी टिपणी नस्तीबरोबर पुढे गेली की लिहिणाराच्या नावानिशी कायम राहते. अंतिम पत्र दोन ओळींचे असले, तरी त्यामागची जबाबदारी आपण टिपणीतच शोधतो. मग मुलांच्या लेखनाची केवळ शुद्ध प्रत पाहून गुण देणाऱ्या शिक्षकांना आपण जाब का विचारीत नाही?

अनेकांच्या हातांनी ग्रंथ घडविणे मराठीला नवे नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी अनेकांकडून मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. डॉ. केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ही एकट्याच्या लेखणीतून उतरला नाही. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील लेखांचा बदलांचा इतिहास तर आज कोणालाही उघडून पाहता येतो.

बाहेरून मजकूर आणून चिकटविला तर काय, असे कोणी विचारील. तो नोंदीत एकदम परिच्छेदच्या परिच्छेद उमटतो. शिक्षकांनी त्या मुलास जवळ बोलावून त्यातील दोन वाक्यांचा अर्थ विचारावा. इतकेही कष्ट ज्यांना नकोत, त्यांनी यंत्रास दोष देऊ नये.

मागणी करावयाची तर ती अशी करावी: गट चौघांहून मोठा नसावा, प्रत्येकाने आपल्याच खात्यातून लिहावे, सोबत्याचे वाक्य परस्पर न खोडता दुरुस्ती सूचना म्हणून मांडावी, आणि निम्मे गुण या घडणीला असावेत.

परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांचे तर यात विशेष हित आहे. आईची वा वडिलांची बदली दिल्लीहून चेन्नईस झाली की शाळा सुटते, सवंगडी सुटतात आणि मराठीत लिहिण्याचे निमित्तही सुटते. सामायिक पानावर मात्र तेच मूल आपल्या जुन्या सोबत्यांबरोबरचा अर्धा राहिलेला लेख तेथूनही पुरा करू शकते. आळशाला हुडकण्याचे आपले श्रम वाचावेत, एवढ्यासाठी त्याच्या हातची मराठी लेखणी काढून घ्यावी काय?