अडलेल्या खुर्चीचा हिशेब

अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर, वालचंदनगर या टापूतील व्यापारी कुटुंबांची मुले महाविद्यालयीन शिक्षणासाठी पुण्याला जाऊ लागली, त्याला आता तीन पिढ्या होत आल्या. कोणी बी.एम.सी.सी.त वाणिज्य शाखेला गेला, कोणी फर्ग्युसनमध्ये विज्ञानाला. सुट्टीत घरी परतलेल्या या मुलांच्या तोंडी प्राध्यापकांच्या नावांआधी एका हॉटेलाचे नाव येई, फर्ग्युसन रस्त्यावरील 'वैशाली'. हे नाव ऐकून घरातील वडीलधाऱ्यांना भगवान महावीरांची जन्मभूमी आठवावी आणि मुलांना इडली, डोसा व फिल्टर कॉफी, असा हा प्रकार होता. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरातील मुलगा तेथे सांबाराची वाटी मित्राकडे सरकवी आणि इडली नुसत्या खोबऱ्याच्या चटणीशी खाई. चौविहार पाळणारा असेल तर सूर्यास्ताचा अंदाज घेऊन उठे.

या हॉटेलाचे मालक जगन्नाथ शेट्टी जुलै २०२३ मध्ये निवर्तले. वयाची नव्वदी त्यांनी गाठली होती. पुण्यातील वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिले ते बहुतेक डोशाविषयी आणि तारुण्यातील आठवणींविषयी. व्यापारी घरांनी पाहावा असा त्यांचा हिशेब मात्र वेगळाच आहे, आणि तो नेहमीच्या खतावणीत सहजासहजी बसत नाही.

शेट्टी यांचा जन्म १९३२ सालचा. गाव बैलूर, कर्नाटकच्या किनारपट्टीवरील कारकळजवळचे. कारकळ हे नाव जैन वाचकांना परके नाही. तेथील टेकडीवर १४३२ साली स्थापन झालेली बाहुबलींची अखंड पाषाणमूर्ती सुमारे ४२ फूट उंच आहे. शेट्टी ज्या बंट समाजातील, तो मुळात शेतकरी आणि जमीनदारांचा. 'अळियसंतान' नावाच्या जुन्या रूढीप्रमाणे त्यांच्यात वारसा मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जात असे, म्हणून मामा-भाच्याच्या नात्याला तेथे बाप-लेकाच्या नात्याइतके वजन. आप्तांच्या पोराला हाताशी धरून धंद्याला लावणे हे त्या समाजात उपकार मानले जात नसे. ते कर्तव्यच होते. भाताची खाचरे थोडी, खाणारी तोंडे पुष्कळ आणि उडुपीच्या मठांनी जपलेल्या स्वयंपाकाची कीर्ती पाठीशी. एवढ्या भांडवलावर त्या किनाऱ्यावरील शेकडो मुले मुंबईच्या वाटेला लागली. ती वाटही सोपी नव्हती. किनाऱ्याने थेट धावणारी कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडले.

तेरा वर्षांच्या जगन्नाथला कल्याण येथे नातेवाइकाच्या हॉटेलात काम मिळाले. पगार महिना तीन रुपये. आजच्या दृष्टीने हा आकडा पिळवणुकीचा वाटेल, आणि तो मुळीच कठोर नव्हता असे म्हणण्याचे कारण नाही. तेरा वर्षांच्या मुलाची जागा शाळेच्या बाकावर असते. पण त्या काळी हीच त्या धंद्याची शाळा होती. आधी कपबश्या विसळायच्या, मग टेबले पुसायची, पुढे पाणी द्यायचे, ऑर्डर घ्यायची, भटारखान्यात उभे राहायचे आणि सर्वांत शेवटी गल्ल्यावर बसायचे. मारवाडी-गुजराती पेढीवर नात्यातला मुलगा झाडलोटीपासून सुरुवात करून रोजमेळ लिहिण्यापर्यंत चढत जाई, त्याचेच हे दुसरे रूप.

१९५० च्या आगेमागे शेट्टी पुण्यात आले. त्यांच्या हॉटेलांची आरंभीची नावे 'मद्रास हेल्थ होम' आणि 'कॅफे मद्रास' अशी होती. कन्नड-तुळू मुलखातील माणसाने मद्रासचे नाव का घ्यावे, असा प्रश्न आज पडतो. तेव्हाचा दक्षिण कानडा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मद्रास राज्यातच होता, हे लक्षात घेतले की त्या नावाचे नवल वाटत नाही. पुढे 'मद्रास हेल्थ होम'चे 'वैशाली' झाले आणि 'कॅफे मद्रास'चे 'रूपाली'. त्याच रस्त्यावर 'आम्रपाली'ही आले.

किराणा, कापड किंवा भुसार मालाचा व्यापार करणाऱ्यांना हॉटेलाचा धंदा बाहेरून हेवा वाटण्याजोगा दिसतो. तांदूळ, उडीद डाळ, नारळ उधारीवर घ्यायचे आणि त्याच दिवशी रोखीने विकायचे. ऊस तुटून बिल हाती पडेपर्यंत गिऱ्हाइकाची बाकी सांभाळत बसावे लागणाऱ्या इंदापूर-बारामतीच्या दुकानदाराला तर हे स्वप्नच वाटेल. पण या धंद्यात शिल्लक माल म्हणून काही राहत नाही. आंबवलेले पीठ दुसऱ्या दिवशी आंबट होते, चटणी सायंकाळपर्यंतही टिकत नाही. जुन्या काळी बँका मालतारणावर कर्ज देत. गोदामाला बँकेचे कुलूप लागे आणि पोती मोजली जात. डोशाच्या पिठाला कुलूप कसे लावणार? त्यामुळे हॉटेलवाल्याला बँकेच्या दारात फारशी पत नसे. त्याची पत आप्तांत, भिशीत आणि वाण्याच्या वहीत असे. याच किनारपट्टीने देशाला मोठ्या बँका दिल्या, हा एक योगच म्हणावा. कॅनरा बँक १९०६ ची. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली आणि दारोदार जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा केले. विजया बँक १९३१ मध्ये मंगळूर येथे बंट मंडळींनीच स्थापन केली. रोजच्या रोज येणाऱ्या थोड्या पैशाचे मोल त्या मुलखाला पुरते कळले होते.

हॉटेलाचा खरा माल म्हणजे खुर्ची. खुर्च्या ठरावीक आणि गर्दीचे तास मोजके, तेव्हा एका तासात एक खुर्ची किती वेळा रिकामी होते यावर नफा ठरतो. समजा, एका गिऱ्हाइकाला वीस मिनिटे लागली तर तासाला तिघे बसतात. एक विद्यार्थी एका कॉफीवर तासभर बसला की दोघांचा धंदा बुडाला. म्हणून बहुतेक ठिकाणी बिल न मागता समोर येते आणि टेबलावरून फडका फिरू लागतो. 'वैशाली'ची ख्याती नेमकी याच्या उलट झाली. एका कॉफीवर रंगलेले वाद, परीक्षेच्या आदल्या दिवशीची टिपणे, जुळलेली आणि मोडलेली लग्ने, सकाळी फिरून येणाऱ्या निवृत्तांचे ठरलेले टेबल या सगळ्याला तेथे जागा मिळाली. बाहेर रांग दिसत असतानाही मिळाली.

याला कोरे औदार्य म्हणणे भाबडेपणाचे होईल. तासभर बसणारा विद्यार्थी दहा वर्षांनी पत्नीला घेऊन येतो, वीस वर्षांनी मुलांना, आणि तेव्हा तो फक्त कॉफी मागवत नाही. बाहेरची रांग हीच आतल्या जागेची जाहिरात असते. तरीही दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशासाठी आजची खुर्ची अडवू देणे हे कोणत्याही ताळेबंदात दाखवता येत नाही. रोज गल्ला मोजणाऱ्याला तर ते फारच जड जाते. आजच्या भाड्याने फर्ग्युसन रस्त्यावर नवे हॉटेल काढणाऱ्याने हे अनुकरण केले तर तो सहा महिन्यांत बसेल, हेही तितकेच खरे. जुन्या दुकानांना जे परवडते ते नव्यांना परवडत नाही. म्हणूनच जुने दुकान मोडण्यापूर्वी व्यापारी घरांत फार विचार व्हावा.

परगावी धंदा करणाऱ्या त्या पिढीचे घर पुष्कळदा धंद्याच्या मागे राहिले. पुरुष शहरात पोटमाळ्यावर झोपत आणि बायका-मुले गावी. खोली मिळून बिऱ्हाड थाटेपर्यंत वर्षे जात. मुले मग मराठीत बोलू लागत, आई घरात तुळू बोले आणि आजी-आजोबांचे गाव सुट्टीपुरते उरे. पुण्यातील कन्नड संघ अशाच कुटुंबांच्या आधाराने उभा राहिला. संघाच्या एरंडवण्यातील गणेशनगर येथील शाळेच्या आवारात एक सभागृह आहे. तेथे कन्नड कार्यक्रम होतात तसे मराठीही होतात. हॉटेलाच्या गल्ल्यावर आयुष्यभर शेट्टींचे नाव राहिले. या सभागृहाला दिलेले नाव मात्र 'शकुंतला जगन्नाथ शेट्टी' असे, त्यांच्या पत्नीचे आहे.