यंत्राची नवी हजेरी

कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात आप्ताच्या भेटीसाठी आलेली एखादी स्त्री आषाढातल्या कुंद सकाळी दारापाशी उभी आहे. कॅमेऱ्याने तिचा चेहरा टिपावा आणि ती भ्यालेली आहे की संतापलेली, हे यंत्राने ठरवावे! हा कल्पनाविलास वाटेल. परंतु चेहऱ्यावरील भाव ओळखून पोलिसांना इशारा देणाऱ्या कॅमेऱ्यांची योजना लखनौच्या पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये, स्त्रियांच्या संरक्षणाच्या नावाने, जाहीर केली होती.

अपुऱ्या उजेडात कॅमेरा क्षीण संकेत वाढवतो. त्याबरोबर त्यातील अनियमित चढउतारही वाढतात आणि चित्रावर रवाळ ठिपके उमटतात. तंत्रज्ञ त्यांस ‘नॉइज’ म्हणतात. भाव ओळखणारे यंत्र भुवया, डोळे व ओठ यांच्या कडांतील सूक्ष्म फरकांवर विसंबते आणि ठिपके नेमके तेच फरक बुजवतात. ठिपके पुसू गेल्यास बारीक सुरकुत्याही पुसल्या जातात. असे गढूळ चित्र पुढे आले तरी यंत्र सहसा ‘ठाऊक नाही’ असे म्हणत नाही. ठरलेल्या यादीतील एक भाव चिकटवून मोकळे होते.

यावर तंत्रभक्तांचे उत्तर तयार असते: उत्तम कॅमेरे घ्या, यंत्राला रवाळ चित्रेही शिकवा. त्याने चुका कमी होतात, हे मान्य. पण मूळ गृहीताचे काय? चेहऱ्याच्या ठेवणीवरून मनातील भावना खात्रीने ओळखता येत नाही, असा निष्कर्ष लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली उपलब्ध संशोधनाची छाननी करून काढला. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी व शिक्षणसंस्थांत अशा यंत्रांना, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता, मनाई केली आहे.

चुकीचा भार पडेल तो लखलखीत दालनात बसणाऱ्यांवर नव्हे. अंधुक फाटकापाशी, स्वस्त कॅमेऱ्यापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या श्रमिकांवर. जन्मावरून संशयित ठरवलेल्या जातींची हजेरी राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली याच कोल्हापुरात बंद केली. तीच हजेरी आता चेहऱ्यावरून सुरू होऊ द्यायची काय?

म्हणून जेथे अशा यंत्राची निविदा निघेल, तेथे कार्यकर्त्यांनी विचारावे: रवाळ चित्रावर हे किती चुकते, त्याची तपासणी कोणी केली आणि चुकीचे प्रायश्चित्त कोण घेणार? आणि उत्तर कितीही गुळगुळीत मिळाले, तरी माणसाच्या मनावर निवाडा देण्याचा अधिकार शासनाच्या कॅमेऱ्यास मिळता कामा नये, ही मागणी सोडू नये.