मुद्दाम चुकीचा घासलेला आरसा

जेम्स वेब दुर्बिणीचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांपैकी कोणीतरी हमखास म्हणते, "दहा अब्ज डॉलर खर्च आणि चौदा वर्षे उशीर!" आकडे साधारण बरोबर आहेत. पण सगळे खापर 'त्या अवघड आरशावर' फोडले जाते, ते मला पटत नाही.

हा आरसा इतका गार कशाला? कोमट वस्तू स्वतःच अवरक्त किरण सोडते. दुर्बीणच कोमट असेल तर पेट्रोमॅक्स हातात घेऊन काजवे शोधण्यासारखेच. १९८३ च्या 'आयरास'ने गारव्यासाठी द्रवरूप हेलियम सोबत नेले होते. दहा महिन्यांत ते संपले, खेळ आटोपला. वेबचा आरसा पाच पदरी छत्रीच्या सावलीतच थंड होतो, उणे २२० अंशांच्या आसपास.

आता खरी गंमत. थंडीत धातू आक्रसतो आणि जरासा वाकतोही. बेरिलियम हलके आणि ताठ, म्हणून ते निवडले. तरी वाकणे काही चुकत नाही. शिवाय इतक्या थंडीत पॉलिश करणार कसे? म्हणून कॅलिफोर्नियात आरसा घासायचा, अलाबामात हंट्सव्हिलच्या निर्वात टाकीत गोठवायचा, कुठे किती वाकला ते मोजायचे आणि परत नेऊन बरोबर त्याच्या उलट वाक घासून ठेवायचा! असे अठरा तुकडे. खोलीत पाहाल तर चुकलेले, थंडीत नेलेत की बिनचूक. हबलचा आरसा १९९० मध्ये चुकीच्या आकाराचा निघाला, तेव्हा १९९३ मध्ये अंतराळवीर जाऊन दुरुस्ती करू शकले. वेब पंधरा लाख किलोमीटरवर, तिथे कोण जाणार? ही कामे घाईची नव्हेत.

आरशांचे पॉलिश जून २०११ मध्ये पूर्ण झाले. पुढच्याच महिन्यात अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीने प्रकल्पच रद्द करायचे सुचवले! वास्तविक २०१० च्या स्वतंत्र चौकशी अहवालाने दोष अंदाजपत्रकाला आणि व्यवस्थापनाला दिला होता, तंत्रज्ञानाला नव्हे. पेपर एकाने कोरा ठेवायचा आणि नापास दुसऱ्याला करायचे, असला प्रकार. (मास्तरकीची सवय, जात नाही.) पैशाचा हिशेब मागावाच, पण तो अंदाज बांधणाऱ्यांकडे.

सुदैवाने प्रकल्प वाचला. मार्च २०२२ मध्ये ते अठरा तुकडे जुळवून एकाच ताऱ्याकडे रोखले, तर त्या ताऱ्यामागच्या दूरच्या दीर्घिकाही फोटोत आल्या.