पहिल्या तासाची झोंप

आमच्या शाळेचा पहिला तास सकाळीं सव्वासातास सुरू होतो. गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी या तासास नेमानें डोळे मिटून बसे. आम्ही त्यास हटकलें, उभें केलें, एकदां वर्गाबाहेरहि काढिलें. शेवटीं त्यानें, "सर, मी ऐकतोंच आहें," असें कांहींशा घुश्शांत उत्तर दिलें, आणि आम्ही प्रगतिपुस्तकांत 'आळशी व उद्धट' असा शेरा मारून मोकळे झालों. पुढें त्याच्या मातोश्री भेटावयास आल्या. "मोबाईल रात्रीं माझ्याजवळ असतो. दहाला दिवा मालवितें, पण बारापर्यंत हा नुसता कूस बदलत असतो," असें त्या म्हणाल्या. आमचा त्यावर विश्वास बसला नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

तो बसावयास थोडें वाचन करावें लागलें. वयांत येतांना मुलांच्या शरीरांतील घड्याळच मागें पडतें. झोंपेची सूचना देणारा मेलाटोनिन नांवाचा स्राव या वयांत पूर्वीपेक्षां उशिरां सुरू होतो. अमेरिकेंतील ब्राऊन विद्यापीठाच्या मेरी कार्स्कॅडन यांनीं या विषयाचें संशोधन कित्येक वर्षें केलें आहे. उलट १३ ते १८ वर्षांच्या मुलांस झोंप हवी ८ ते १० तास. बाराला डोळा लागलेल्या मुलास साडेपांचाला उठविलें, तर पदरांत किती पडली याचा हिशेब वाचकांनींच करावा. राहिलेली झोंप तो आमच्या तासाला वसूल करितो. शिवाय अपुऱ्या झोंपेनें राग लवकर येतो व तोंडचा शब्द आवरत नाहीं. म्हणजे आम्हीं जे दोन दुर्गुण म्हणून नोंदविले, तीं बहुधा एकाच कारणाचीं दोन रूपें होतीं.

"आम्ही नाहीं का पहांटे उठून अभ्यास केला?" असें आमचे एक वयोवृद्ध सहकारी विचारतात. केला असेल, परंतु तेव्हां डुलक्या घेऊन छड्या खाणारे सोबतीहि त्यांस आठवत असतीलच. मोबाईलचा आक्षेप मात्र पोकळ नाहीं. आधींच उशिरां येणारी झोंप त्याच्या उजेडानें आणखी लांबते, आणि तेवढ्यापुरती जबाबदारी घराची आहे.

अन्यत्र लोकांनीं शाळेचें घड्याळच हलवून पाहिलें आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांतील एडायना गांवीं १९९६ सालीं माध्यमिक शाळेची वेळ ७-२० वरून ८-३० वर नेली. कॅलिफोर्नियांत २०२२ पासून तसा कायदाच अंमलांत आला. आपल्या महाराष्ट्रांत २०२४ सालीं सरकारनें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असें ठरविलें. चिमुकल्यांविषयींची ही कळकळ योग्यच; पण लहान मूल सुटीच्या दिवशींहि घरांत सर्वांआधीं उठतें, हें कोणत्याहि आईस विचारावें. ज्यांचें घड्याळ खरोखर मागें पडतें, त्या नववी-दहावीच्या मुलांचा विचार त्या निर्णयांत नाहीं.

आमच्या एकाच इमारतींत दोन सत्रें भरतात. दुपारीं दुसरीं मुलें फाटकापाशीं उभीं असतात. तेव्हां वेळ बदला असें म्हणणें सोपें, करणें कठीण. तथापि दोन गोष्टींस पैसा लागत नाहीं. पहिल्या तासास चांचणी परीक्षा घेऊं नये, आणि त्या तासांतील वागणुकीवरून वर्तनाचा शेरा लिहूं नये. कांहीं शिक्षकबंधूंस यांत शिस्तीची हानि दिसेल. आम्हांसहि दोन वर्षांपूर्वीं ती दिसली असती.

नवें वेळापत्रक जूनपूर्वीं ठरतें, व त्या बैठकींत आम्ही हें मांडणार आहों. तो विद्यार्थी आतां दहावींत आहे. दुपारच्या विज्ञानप्रदर्शनांत त्यानें आपल्या पाणचक्कीची माहिती पाहुण्यांस तासभर न थकतां सांगितली. त्याच्या प्रगतिपुस्तकांतील आमचा शेरा मात्र खोडावयाचा राहून गेला आहे.