वन्समोअर कापू नये

१/ पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्या परंपरेतील प्रेक्षकाने आपला अभिप्राय खेळ संपेपर्यंत कधी राखून ठेवला नाही. तो पदाच्या अखेरीसच गर्जून मागे : वन्समोअर! बालगंधर्वांच्या काळी तर नाटक केव्हा संपणार, हे पुष्कळदा प्रेक्षकच ठरवीत. मागितलेले पद गायक पुन्हा नव्याने फुलवी आणि कथानक तोवर ताटकळत उभे राही. (याबद्दलची कुरकुरही तितकीच जुनी.)

२/ मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्टुडिओत चित्रित केलेल्या संगीत नाटकात पद संपते नि लगेच पुढचा संवाद सुरू होतो. मागणारा तेथे कुणी नसतोच. जुन्या रसिकांना असे चित्रण निर्जीव वाटते. तक्रार खरी आहे, पण ती नाट्यगृह जवळ असलेल्यांची आहे.

३/ वणी तालुक्यातील राजूर हे कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्यांचे गाव. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, त्यातील खाँसाहेब अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, दोघेही विदर्भाचेच. तरीही राजूरच्या प्रेक्षकाला ते नाटक पाहायचे तर पडद्याखेरीज जवळची वाट कोणती? त्याला चित्रण नको, असे म्हणणे हा शहरी तोरा झाला.

४/ म्हणून चित्रण व्हावे, मात्र भरल्या नाट्यगृहात व्हावे. संकलकाने टाळ्या कापू नयेत, वन्समोअर तर मुळीच नाही. दुसऱ्यांदा गायलेले पदच बहुधा अधिक रंगलेले असते.