विश्लेषण : पाण्याखाली हवा संपली तर? राखीव हवा आकार पाहून नको, लिटर मोजून निवडा

तारकर्ली-मालवणला ट्रेनरचा हात धरून पहिल्यांदा पाण्याखाली गेलेले अनेक जण पुढे रीतसर स्कूबा कोर्स करतात आणि अंदमान किंवा लक्षद्वीप गाठतात. मग स्वतःची उपकरणं घेण्याचे वेध लागतात. मास्क आणि फिन्सवर भरपूर चर्चा होते. राखीव हवेचा निर्णय मात्र ‘छोटं आहे, बॅगेत मावतं’ एवढ्यावर होतो. इथेच गडबड आहे.

ऑक्टोपस म्हणजे राखीव हवा का?

नाही. ऑक्टोपस म्हणजे रेग्युलेटरला जोडलेलं, बहुधा पिवळ्या रंगाचं दुसरं माउथपीस. ते तुमच्याच सिलिंडरमधून हवा घेतं. सिलिंडर रिकामा झाला किंवा त्याच्या तोंडावरचा रेग्युलेटर बिघडला, तर दोन्ही माउथपीस एकदमच निकामी. ऑक्टोपस असतो तो तुमच्या जोडीदारासाठी, म्हणजे ‘बडी’साठी, आणि त्याचा ऑक्टोपस तुमच्यासाठी. म्हणून तुमची पहिली राखीव हवा म्हणजे तुमचा बडी, पण तो हाताच्या अंतरावर असेल तरच.

हिशेब काय सांगतो?

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नव्हे, साधी दाबाखालची हवा असते. दर १० मीटर खोलीला दाब सुमारे १ बारने वाढतो आणि त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते. घाबरलेला माणूस पृष्ठभागावर मिनिटाला ३० लिटर हवा घेतो असं धरू. १८ मीटरवर दाब २.८ बार, म्हणजे तिथे मिनिटाला ८४ लिटर. ३० मीटरवर ४ बार, म्हणजे १२० लिटर.

आता वर येण्याचा वेळ. मिनिटाला ९ मीटर या सुरक्षित वेगाने वर यायचं आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. गोंधळ सावरायला सुरुवातीचं एक मिनिट धरलं, तर १८ मीटरवरून साधारण ३३० लिटर लागतात, ३० मीटरवरून ५००.

पर्याय कोणते?

‘स्पेअर एअर’ : हातात मावणारी, माउथपीस थेट वर बसवलेली छोटी बाटली. तिच्या ३ घनफुटांच्या मॉडेलमध्ये सुमारे ८५ लिटर हवा असते. म्हणजे १८ मीटरवर जेमतेम एक मिनिट. तिथून न थांबता वर यायलाही वरच्या हिशेबाने ११४ लिटर लागतात. १०-१२ मीटरपर्यंत ठीक, त्याखाली ती खोटा दिलासा देते.

पोनी बॉटल : मुख्य सिलिंडरला बांधलेला, स्वतंत्र रेग्युलेटर असलेला छोटा सिलिंडर. २ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला ४०० लिटर, ३ लिटरच्यात ६०० लिटर हवा. १८ मीटरसाठी पहिला, ३० मीटरसाठी दुसरा पुरतो.

जोड सिलिंडर : जहाजाच्या अवशेषांत किंवा गुहेत शिरणाऱ्यांसाठी. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण हवं.

मग घ्यायचं काय?

उथळ पाण्यात, प्रशिक्षकासोबत जाणाऱ्या पर्यटकाने काहीही विकत घेऊ नये. प्रशिक्षकाकडे चालू ऑक्टोपस आहे का, प्रेशर गेजवर किती बार दिसतात, एवढं मात्र बोटीवरच विचारावं. ते विचारायला लाज वाटायचं कारण नाही.

‘बडी असताना पोनीचं ओझं कशाला?’ असं अनुभवी डायव्हर म्हणतात. शिस्तीच्या जोडीसाठी ते खरं आहे. पण सुट्टीतल्या बोटीवर बडी अनेकदा त्याच सकाळी ओळख झालेला असतो आणि कॅमेरा हातात आला की दोघांमधलं अंतर वाढतं. त्यामुळे १८ मीटरच्या खाली नियमित जाणाऱ्याने, विशेषतः फोटोग्राफरने, पोनीच घ्यावी असं माझं मत आहे.

घेतल्यावर तीन पथ्यं. प्रत्येक डाइव्हआधी पोनीचा दाब तपासा. तिच्यातली हवा डाइव्ह लांबवायला वापरू नका. आणि तिच्या माउथपीसवर जाण्याचा सराव उथळ पाण्यात करा. वर येताना श्वास कधीही रोखू नका; १० मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत फुप्फुसातली हवा दुप्पट फुगते.

दुकानात ‘केवढी आहे?’ असं विचारण्याआधी ‘मी किती खोल जातो?’ हे स्वतःला विचारा. किती लिटर हवेत, ते त्या उत्तरावरूनच ठरतं.